सिद्धोधनची न थांबणारी गाडी

"वाटेत एकदा जरी बंद पडली ना, तर तिथूनच पप्पूभाऊजींना फोन करीन. गाडी त्यांची, अन् आपल्याला स्कुटी!"

धम्मशीलानं कमरेला पदर खोचत नवऱ्याला हे एका दमात सांगून टाकलं. सिद्धोधन गाडी पुसत होता. त्याच्या हातातलं फडकं जागीच थांबलं.

सिद्धोधन सेलूच्या एका कॉलेजात लायब्ररी सांभाळायचा, पण जीव सगळा त्याच्या क्रूझर मोटारसायकलीत. गाडी लांबलचक, बुटकी आणि टाकी रांजणासारखी. चौकातून गेली की टपरीवरचे कप वाजायचे. तिला मेकॅनिकच्या हाती देणं म्हणजे त्याला स्वतःचा अपमान वाटायचा. क्रूझरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो रोज 'घरच्या घरी उपाय' सांगायचा आणि लोक ते करायचेही.

त्यातला सगळ्यात गाजलेला उपाय स्टँडचा. बोरी गावी एका मळ्यात साइड स्टँड काळ्या रानात रुतलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर गाडी आडवी झाली. सिद्धोधननं दुसऱ्याच दिवशी वखराच्या जुन्या पासेचा, म्हणजे लोखंडी पात्याचा, चांगला तळहाताएवढा तुकडा स्टँडच्या पायाला वेल्डिंग करून घेतला. मग गाडी कुठल्याही रानात ताठ उभी राहू लागली. ग्रुपवर त्या फोटोला अंगठेच अंगठे पडले.

आज चारठाण्याला मेहुणीकडं, संघप्रियाकडं जेवण होतं. तिचा नवरा पप्पू या गाडीवर केव्हापासून डोळा ठेवून होता; बदल्यात स्कुटी द्यायलाही तयार होता.

"अगं, लोखंड हाय लोखंड! बस," म्हणत सिद्धोधननं बटण दाबलं.

गाव मागं पडलं, पहिला खड्डा आला आणि गाडी गपकन बंद पडली.

"काय झालं?" मागून आवाज आला. पर्समधला फोन बाहेर निघायच्या बेतात होता.

"कुठं काय? मी थांबवली. करडई बघ की कशी फुलायलीय! उभी ऱ्हा, फोटो काढतो तुझा."

लग्नानंतर हे वाक्य धम्मशीलानं प्रथमच ऐकलं. ती उतरली आणि फुलांपाशी जाऊन पदर सारखा करू लागली. सिद्धोधननं गाडी स्टँडवर लावली, पटकन फोटो काढला आणि पाठमोरा होऊन टाकीचं झाकण उघडून लावलं. मग स्टँड उचलून बटण दाबलं. गाडी एका झटक्यात चालू! आनंदानं त्यानं तिथंच फोन तोंडाशी धरून हळूच ग्रुपवर निरोप टाकला. "दोस्तहो, गाडी चालता चालता बंद पडली तर टाकीचं झाकण उघडा. आत हवा कोंडती!"

पुढच्या खड्ड्याला गाडी पुन्हा बंद पडली. नशीब, समोर रसवंती होती.

"रस पिऊ की! उन्हाचं लय बरं वाटतं."

ती ग्लास घेऊन बाकड्यावर बसली तेवढ्यात त्यानं बॅटरीची वायर आवळली. पुन्हा तेच, स्टँड उचललं, बटण दाबलं, गाडी चालू. ग्रुपवर नवा उपाय गेला. "झाकण न्हाई, बॅटरी! वायर ढिली ऱ्हाती."

तिसऱ्यांदा गाडी थांबली ती एका बोरीच्या झाडाखाली. तिथं शेळ्या राखत बसलेली भागुबाई बोरं विकत होती. धम्मशीला ओटीत बोरं घेत होती आणि सिद्धोधन प्लगची टोपी दाबत होता. ग्रुपवर जिंतूरचा रामहरी कळवळून लिहीत होता, 'सर, झाकण उघडं ठेवून निघालो. प्यांटवर पेट्रोल सांडायलंय. आता नेमकं काय करू?'

"तुमाला बरं न्हाई का हो?" पुन्हा बसताना धम्मशीलानं विचारलं. "माहेरी जाताना मोसंबी घ्यायला थांबा म्हणलं तरी कधी थांबला न्हाईत. अन् आज!" तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. सिद्धोधनला घाम फुटला होता, तरी तो हात फार गोड वाटला.

चारठाण्याला पप्पू दारातच उभा होता. "जय भीम, साडूभाऊ! किती येळा बंद पडली?"

सिद्धोधन वाकून टाकी पुसू लागला.

"एकदाबी न्हाई," धम्मशीला म्हणाली. "आमी मजेत थांबत थांबत आलो." पप्पूचा चेहरा उतरला.

जेवण झाल्यावर सिद्धोधन गुपचूप गाडीपाशी गेला. दोन्ही हातांनी तिला गदागदा हलवलं, तसं वर उचललेलं स्टँड हळूच खाली लोंबलं. पासेच्या वजनानं स्प्रिंग ढिली झाली होती! गिअरमध्ये असताना स्टँड खाली आलं की ही गाडी आपोआप बंद होते, हे कंपनीच्या पुस्तकात छापलं होतं. ते पुस्तक लायब्ररी सांभाळणाऱ्या या माणसानं कधी उघडलंच नव्हतं. आणि गाडी थांबली की तो स्वतःच ती स्टँडवर लावायचा, मग लोंबलेलं दिसणार कसं? त्याला नाचावंसं वाटलं. संघप्रियाकडून केसांचा लाल रबर मागून त्यानं स्टँड घट्ट बांधून टाकलं.

"काय बांधायलात?" धम्मशीला दारातून बघत होती.

"काई न्हाई, शोभेचं हाय."

परत निघाले तेव्हा गाडी सुसाट सुटली. खड्डे येत होते, जात होते, गाडी थांबायचं नाव घेत नव्हती. "बघ, कशी पळायलीय!" सिद्धोधन वाऱ्यात ओरडला.

"बोरं न्हाई घ्यायची?"

"आता कशाला? उशीर व्हायलाय!"

खांद्यावरचा हात निघाला. करडई लांब होती, पण रसवंती जवळ आली. तिथं रस्ता तळहातासारखा सपाट होता आणि गाडी गपकन बंद पडली.

सिद्धोधननं खाली पाहिलं. स्टँड लोंबत होतं आणि रबर गायब. पासेच्या तुकड्याला धम्मशीलाची चप्पल टेकलेली होती. त्यानं मागं वळून पाहिलं, तर लाल रबर तिच्या मनगटावर.

"तुला ठाऊक व्हतं?"

"लोंबलेलं स्टँड बोरीच्या झाडापाशीच दिसलं मला. निघतानाच रबर काढून घेतला, अन् एवढा येळ पायानं स्टँड वर धरलं व्हतं." ती शांतपणे म्हणाली. "अन् पप्पूभाऊजींना मी काय सांगितलं, ते इसरलात का? आता सांगा, बंद पडली का थांबवली?"

"थांबवली," सिद्धोधन म्हणाला. "मीच."

"मग दोन ग्लास सांगा. आलं जरा जास्त."

रस येईपर्यंत त्यानं फोन उघडला. रामहरी अजून वाट पाहत होता, 'सर, शेवटचा उपाय सांगा.' सिद्धोधननं स्टँड, स्प्रिंग, रबर सगळं सविस्तर लिहिलं, बाकड्यावरच्या धम्मशीलाकडं पाहिलं आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, 'गाडी थांबली की आधी खाली उतरा. मागं बसलेल्या माणसाला काय पाहिजे ते विचारा. मग स्टँड बघा.'