लिफाफ्याच्या जिभेबाबत

लिफ्टमधल्या आरशाची खालची पट्टी, अंदाजे एक फूट.

दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्याचा बूट.

कुणाच्या तरी आजोबांचा कान.

मासिक सभेचं इतिवृत्त, पान चौथे, सही होण्यापूर्वी.

सेक्रेटरींचा डावा गुडघा.

वरील सर्व गोष्टी एकाच आठवड्यात ओल्या झाल्या. त्या आठवड्यात पाऊस पडलेला नव्हता.

कारण चौथ्या मजल्यावर राहत होतं. जन्ममृत्यू नोंदणी कचेरीतल्या कारकुनाचा कुत्रा. रंग कचेरीतल्या पाकिटासारखा, म्हणून नाव लिफाफा. चावणं, भुंकणं, चपला पळवणं यांपैकी एकही आरोप त्याच्यावर नव्हता. तो फक्त चाटायचा. मनापासून, भेदभाव न करता, आणि कोपरा न सोडता.

सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये कारकुनाला सहज म्हणाले, "अहो, तुमचा कुत्रा फार चाटतो बुवा. बघा जरा."

दुसरा कुणी असता तर हसला असता, "हो हो, बघतो" म्हणून विसरला असता. पण कारकुनाची नोकरीत बावीस वर्षं झाली होती. तोंडी गोष्ट म्हणजे न झालेली गोष्ट, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो गंभीरपणे म्हणाला, "लेखी द्या."

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, आ बैल मला मार! कोणी सांगितलं होतं लेखी मागायला?"

दुसऱ्या दिवशी लेखी आलं. कुत्र्याचे 'अवांछित चाटणे' पंधरा दिवसांत पूर्णपणे बंद न झाल्यास कुत्र्यास इमारतीबाहेर काढण्यात येईल. खाली शिक्का.

कारकून लिफाफ्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावला. त्यांनी आधी स्वतःची हनुवटी पुसली.

"सोपं आहे. चाटलं की रागवायचं नाही, लाडही करायचे नाहीत. हात मागे घ्यायचे, पाठ फिरवायची, मुकाट्याने निघून जायचं. तोंड बंद ठेवलं की मात्र लगेच शाबासकी. चाटून काही मिळत नाही, हे त्याला आपोआप कळतं."

"पण तो प्रेमाने चाटतो ना हो?"

"कधी प्रेमाने, कधी तुमच्या घामातल्या मिठासाठी, कधी नुसता कंटाळा म्हणून. फक्त एक लक्षात ठेवा. सगळ्यांनी एकसारखं वागायला हवं. एक जण जरी विरघळला तरी मुसळ केरात."

सगळ्यांनी एकसारखं वागायचं म्हटल्यावर परिपत्रक आलंच. ते सोसायटीच्या समितीने काढलं. वॉचमनच्या टेबलावर नोंदवही आली: दिनांक, वेळ, चाटलेला अवयव, ओलाव्याचे प्रमाण (अल्प, मध्यम, चिंब), रहिवाशाची प्रतिक्रिया. शेवटच्या रकान्यात 'निरंक' सोडून काही लिहिलं तर खुलासा द्यावा लागे. त्या आजोबांनी 'गुदगुल्या झाल्या' असं लिहिलं. त्यांना दोन खुलासे द्यावे लागले.

लिफाफा हुशार निघाला. पहिल्या चार दिवसांत त्याने पाठीच पाठी पाहिल्या. पाचव्या दिवशी तो जीभ बाहेर काढून थांबला, विचार केला, आणि आत घेतली. नवव्या दिवशी वहीचं पान कोरं राहिलं. कारकुनाने त्याचं डोकं इतकं कुरवाळलं की बायको म्हणाली, "माझी बढती झाली असती तरी एवढं केलं नसतंत."

अडचण अशी झाली, की पद्धतीचा हा प्रभाव समितीनेही पाहिला.

दहाव्या दिवशी तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी गळक्या टाकीची तक्रार घेऊन कार्यालयात गेल्या. सेक्रेटरींनी हात मागे घेतले, पाठ फिरवली आणि मुकाट्याने आतल्या खोलीत गेले. मावशी दुसऱ्यांदा गेल्या. पाठ. तिसऱ्यांदा उंबऱ्याशी थांबल्या, विचार केला, आणि परत फिरल्या. संध्याकाळी सेक्रेटरींनी जिन्यात त्यांना हसून नमस्कार केला आणि गाडीसाठी सावलीतली जागा दिली. चार दिवसांत तक्रारी शून्यावर आल्या. टाकी गळतच होती, पण त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

पंधराव्या दिवशी लिफाफ्याची परीक्षा झाली. समितीच्या पाच सदस्यांनी पाच हात पुढे केले. एकावर जॅम होता. लिफाफ्याने पाचही हात हुंगले आणि सभ्यपणे खाली बसला. कारकुनाचा ऊर भरून आला.

सेक्रेटरी चष्मा पुसत म्हणाले, "उत्तम. पण हा तोच कुत्रा कशावरून?"

"म्हणजे काय? रंग बघा ना!"

"रंग अनेकांचा असतो. तुमचा कुत्रा चाटायचा. तशी वहीत त्रेपन्न वेळा नोंद आहे. हा चाटत नाही. म्हणजे हा दुसरा. आणि दुसऱ्या कुत्र्याची परवानगी तुम्ही घेतलेली नाही."

"मग तोच आहे हे सिद्ध कसं करू?"

"एकदा चाटायला सांगा. आमच्या समक्ष."

"चाटलं तर?"

"तर नापास."

खरं सांगायचं तर कारकुनाला थोडं कौतुकच वाटलं. समोर धडधाकट उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडे तो स्वतः ते जन्मल्याचा पुरावा मागत असे. पण टेबलाच्या या बाजूला उभं राहिल्यावर वाक्य फारच वेगळं ऐकू येत होतं. त्याने खाली पाहिलं. लिफाफा शेपूट हलवत शाबासकीची वाट बघत होता. आज त्याला घराबाहेर काढायचं, तेही शहाण्यासारखं वागल्याबद्दल.

बायको शेजारीच उभी होती. ती पुटपुटली, "आता तुम्ही लेखी काही मागू नका म्हणजे झालं."

त्याने मागितलं नाही. त्याने हात मागे घेतले. पाठ फिरवली. आणि लिफाफ्याला घेऊन मुकाट्याने निघाला.

"अहो! अहो, बोला तरी काहीतरी!" सेक्रेटरी जिन्यापर्यंत मागे आले.

पाठ.

त्यानंतर नोटिसा आल्या. रोज एक, मग दिवसाआड एक. कारकुनाने एकीलाही उत्तर दिलं नाही, पोच दिली नाही, जिन्यात विषय काढला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एखादा कागद त्याने नोंदीशिवाय सोडला. हात शिवशिवत, पण तो ते मागे धरून बसे. सहाव्या नोटिशीनंतर सातवी आली नाही. आठ दिवस दारावर काहीच चिकटलं नाही, आणि नवव्या दिवशी नवराबायकोला लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, थांबले, विचार केला, आणि मिटलं.

"शाबास!" बायको त्यांना लगेच म्हणाली.

लिफाफा राहिला. सेक्रेटरी सुधारले. टाकी अजून गळते. इमारतीत कुणाची काही तक्रार नाही आणि सगळ्यांच्या गाड्या सावलीत आहेत. तुमचीही गाडी हल्ली सावलीतच असते, नाही का?

लिफाफा पिल्लू असताना या घरी आला, तेव्हा तीन दिवस पलंगाखालून बाहेर पडला नव्हता. चौथ्या दिवशी कारकुनाने बोटाला साय लावून, जमिनीवर पालथं पडून, त्याला माणसाचा हात चाटायला शिकवलं.