दोनशे बारा मशिनींचा पहिला दिवस

आमच्या जिल्हा संगणक केंद्रात नवीन व्हर्च्युअल मशीन सुरू झाली की ती आधी रडते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे मोठ्या संगणकाच्या पोटात थाटलेला, हात न लावता येणारा छोटा संगणक. सुरुवातीला तिला आपलं नाव माहीत नसतं, किती वाजले माहीत नसतं, दार कोणाला उघडायचं हेही माहीत नसतं. अशा अवस्थेत कोणीही रडेल, त्यामुळे केंद्रात याबद्दल कधी कोणी तक्रार केली नाही.

मशिनींना गप्प करण्याचं काम इंदुमती खरात मॅडमांकडे होतं. मी आवक-जावक बघतो. माझं टेबल त्यांच्या शेजारी. एकोणीस वर्षं मी त्यांना प्रत्येक मशीनसमोर खुर्ची ओढून बसताना पाहिलं. नाव, वेळ, शेजारी कोण, कुलूप कसं लावायचं, सगळं त्या सांगत. एका मशीनला चाळीस मिनिटं लागत.

मंगळवारी सकाळी धरणावरून पत्र आलं. बुधवारी दुपारी चारला दरवाजे उघडणार होते. नदीकाठच्या दोनशे बारा गावांना इशारा द्यायचा, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक गावाला स्वतंत्र मशीन हवी.

केंद्रप्रमुख ढवळीकर साहेबांनी कागदावर गुणाकार केला. "मॅडम, न झोपता बसलात तरी सहा दिवस लागतील."

"मी बसणारच नाही," मॅडम म्हणाल्या. "मी लिहून ठेवते. जन्मल्या जन्मल्या त्यांनी स्वतः वाचायचं."

"तान्ह्या मशिनी वाचतील?"

"माझ्या वाचतील."

दिवसभर त्या लिहीत होत्या. एकोणीस वर्षं तोंडाने सांगितलेलं सगळं त्यांनी एका फाइलीत उतरवलं. बुधवारी सकाळी दहाला चाचणीसाठी तीन मशिनी सुरू केल्या. तिघींनी फाइल वाचली, नावं घेतली, घड्याळं लावली, आणि रडत राहिल्या. रडणाऱ्या मशीनकडून संदेश जात नाही.

साहेबांनी टेबलाची कड घट्ट धरली. "आता?"

मॅडमांनी पहिल्या मशीनला विचारलं, "काय गं, काय राहिलं?"

मशीन हुंदका आवरून म्हणाली, "सांगितलंत सगळं. पण कळलं का, ते विचारलं नाहीत."

मॅडमांच्या लक्षात आलं. मलाही आठवलं. प्रत्येक गोष्टीनंतर त्या "कळलं ना?" म्हणत आणि उत्तर येईपर्यंत पुढे जात नसत. इतक्या सवयीचं होतं की लिहायचं सुचलंच नव्हतं.

त्यांनी फाइल पुन्हा उघडली. प्रत्येक सूचनेखाली प्रश्न घातला, प्रश्नाखाली थांबा घातला. नाव सांग, विचार, थांब. वेळ सांग, विचार, थांब. दीड वाजून गेला. डबा कोणी उघडला नाही.

दोन वाजता साहेबांनी स्वतः बटण दाबलं. दोनशे बारा मशिनी एकदम जन्मल्या आणि एकदम रडल्या. वरच्या मजल्यावरच्या भूमापनवाल्यांनी खिडक्या लावून घेतल्याचं नंतर समजलं. मग रडणं विरत गेलं. सहा मिनिटांनी सगळीकडून एकच आवाज आला, "हो, कळलं."

मॅडम खुर्चीवर हात बांधून बसल्या होत्या. त्यांना करायला काहीच उरलं नव्हतं. इतका अभिमान मी कुणाच्याही रिकाम्या हातांत पाहिलेला नाही.

सव्वादोनला दोनशे बारा गावांत इशारा पोचला. चारला दरवाजे उघडले. नदीकाठी कोणीही नव्हतं, जनावरंसुद्धा नव्हती.

रविवारी टाकळी खुर्दच्या सरपंच भागूबाई तुपे केंद्रात आल्या. "आमच्या गावची मशीन कुठली? ग्रामसभेनं सत्कार ठरवलाय. घेऊन यायला सांगितलंय."

साहेबांनी दौऱ्याचा आदेश काढला. मी जावक क्रमांक घातला. दुपारच्या एसटीला मशीनला सोडायला आम्ही सगळे गेलो.

कंडक्टरने विचारलं, "वय किती?"

"चार दिवस," मॅडम म्हणाल्या.

"मग तिकीट नाही. मांडीवर बसवावं लागेल."

मॅडम ताठ उभ्या राहिल्या. "मांडीवर कशाला? सबंध गाव वाचवलंय तिनं."

कंडक्टरने सरपंचबाईंकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मग त्याने खिडकीजवळच्या माणसाला उठवलं, रुमालाने सीट पुसली आणि घंटी दिली.