उष्ण म्हणजे किती?

आमच्या रहिमतपुरात लोक एकमेकांना "जेवला का?" असं विचारतात. शेजारचे दिनूतात्या विचारतात, "आज किती हाय?" म्हणजे अंगातला ताप! ताप नसला तरी आकडा सांगायचा. शर्टाच्या खिशात थर्मामीटर कायम. तोच माझ्या शेळीच्या शेपटीखाली घालायचा, पुसायचा आणि परत खिशात, बडीशेपेच्या पुडीशेजारी! वर मलाच म्हणतात, घे की बडीशेप. शी!

तात्या सांगलीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायला होते. सगळी नोकरी त्यात गेली. बायको नाही, पोर नाही. आपण सहज म्हणावं, "मिरची उष्ण पडते," की झालंच. "उष्ण म्हंजे किती? आकडा बोल!"

माझ्या दिराच्या लग्नात व्याही रस्सा ओरपून घाम पुसत होते, तर हे थर्मामीटर घेऊन पुढ्यात उभे! "तिखट अंगाला फसवतंय, पाव्हणं. तोंडात आग पडली की अंगाला वाटतंय उनाळा आला. मग घाम काढतंय, आतली ऊब भायेर सोडतंय. उंदराला मिरचीचा अर्क टोचा, लगीच गार पडतोय!" व्याह्यांनी ताट बाजूला सारलं. पंगतीत उंदीर काढतं का कुणी? आठ दिवस बोलले नाही मी तात्यांशी. स्वतः मात्र ताकभात खात बसले होते. सातारा जिल्ह्यात राहून या माणसाच्या घरात मिरची नाही, आता बोला!

गेल्या थंडीत पहाटे माझी शेळी व्याली. एक करडू धडधाकट, दुसरं गारठून लुळं पडलेलं. सासूबाई म्हणाल्या, "काईतरी उष्ण दे त्याला." मी गुळाच्या पाण्यात मिरचीपूड कालवली आणि ते दोन चमचे पाजलं. तेवढ्यात तात्या कुंपणापाशी आलेच.

"काय पाजलंस?"

"मिरचीचं पाणी. उष्ण असतंय."

"आगं येडे, मारतीस का त्याला? हाय ती ऊब बी भायेर काढाय लागलीस!"

अख्ख्या गल्लीदेखत येडी! शेळ्या पाळण्यात माझे केस पांढरे झाले, आणि हा उंदीरवाला मला शिकवणार! मी तोंड उघडणार, तोवर त्यांनी करडू पुसून स्वेटरच्या आत पोटाशी घातलंसुद्धा. उन्हात भिंतीला टेकून बसले आणि बोटानं त्याला चीक चाटवायला लागले.

दुपार झाली तरी उठेनात. मी चहाचा कप त्यांच्यापुढं आदळला.

"आवं तात्या, आता तरी बघा की आकडा."

"नगं. भ्या वाटतंय." आवाज एकदम खाली आला. "उंदरं अशीच गार पडायची गं. साहेब म्हणायचे, नोंद झाली, टाकून दे. मी सदऱ्यात घालून बसायचो, जेवणाच्या सुट्टीभर."

"किती वाचले?"

जन्मभर आकडा तोंडावर असलेल्या माणसानं नुसता स्वेटर आणखी घट्ट ओढून घेतला. मलाच कसंतरी झालं. कशाला विचारलं मी?

इतक्यात तात्या दचकले. स्वेटर ओला झाला होता. करडू मुतलं होतं.

"गरम हाय!" ते ओरडले. "शोभे, गरम हाय गं!"

येडी म्हटल्याचा राग अजून गेला नव्हता माझा. मी म्हटलं, "गरम म्हंजे किती?"

"मरू दे की आकडा!" तात्या म्हणाले, आणि त्या ओल्या स्वेटरवरून हात फिरवत रडायला लागले.