बुलबुलतरंगाचा टुल्लू

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात आजवर कोणी केलं नाही ते मी करून दाखवलं! बुलबुलतरंगावर स्वतः वाजवलेली छोटीशी धून लॅपटॉपवर पापडाच्या लाटीसारखी ताणून अकरा मिनिटांची केली. तिच्यात मालधक्क्यावरच्या वॅगनींचा दूरचा खडखडाट मिसळला, कुलरची टपटप मिसळली, नळाची गुळगुळ मिसळली. याला अँबियंट संगीत म्हणतात. त्यात ताल नसतो. ऐकणाऱ्याने नुसतं बसून राहायचं.

अडचण एकच. ऐकणारा नव्हता.

बायको, वनमाला, नातवाला सांभाळायला महिनाभरासाठी बंगळुरूला गेली, त्याला आता वर्ष होत आलं. तिला फोनवर ऐकवलं.

"अहो, आधी मिक्सर बंद करा, मंग बोला!"

"अगं, हेच तर ऐकवून राहिलो!"

"पोट्टं आत्ता झोपलं. ठेवते."

तेव्हा ठरवलं, एका तरी माणसाने हे शेवटपर्यंत ऐकलंच पाहिजे. एकाने! नळाच्या वेळी सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, जागा असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकर गल्लीकडे तोंड करून खिडकीत ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला.

धून अर्ध्यावर आली नाही तोच फाटक दणाणलं. श्रोते! मी केसांवरून हात फिरवून दार उघडलं. समोर शेजारचा सुशील, मागे अर्धी गल्ली. सगळ्यांच्या हातात रिकाम्या बादल्या.

"काका, टुल्लू कुठं लपवला?"

उन्हाळ्यात आमच्या नळाला करंगळीएवढी धार. त्यात कोणी टुल्लू पंप जोडून पाणी खेचलं की बाकीचे कोरडे. त्या माणसाला पारा माफ करत नाही.

"टुल्लू नाही रे, संगीत आहे!"

"संगीत? हे घर्रर्र करून राहिलं ते?"

"बुलबुलतरंग आहे!"

"काका, मेरे को मत सिखाओ. पानी खींचने की आवाज भी आ रही है!"

ती गुळगुळ मी कलात्मक हेतूने घातली होती. आता कोणत्या तोंडाने सांगणार!

झडती सुरू झाली. कुलरच्या मागे, दिवाणाखाली, मोरीत. एकाने फ्रीजसुद्धा उघडला! वर्षभरात घरात एवढी माणसं आली नव्हती. मी चहा टाकला. ते निघायला लागले तेव्हा मीच म्हणालो, "माळा पाहायचा राहिला ना!"

शेवटी सुशीलने लॅपटॉप बंद करायला लावला. घर्रर्र थांबलं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"काका," सुशील हळूच म्हणाला, "काकूले बोलवून घ्या. असं एकटं राहणं बरं नाही."

चहा उभ्याउभ्या संपला. उरलेली धून ऐकायला कोणी थांबलं नाही. फक्त भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या कलावतीबाई मागे रेंगाळल्या.

"भाऊजी, मले तर लय आवडलं!"

"खरंच?"

"मन कसं शांत झालं. रोज लावत जा ना, याच टायमाले. अन् आवाज कमी नका करू बरं!"

"शेवटपर्यंत ऐकाल?"

"हव! नळ जाईपर्यंत!"

माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून धून लावली. मधेच एक नवीन घर्रर्र कानावर आलं. मी घातलेलं नव्हतं, पण सुरात होतं. अकरा मिनिटं झाली, धून संपली. घर्रर्र चालूच! कलावतीबाईंच्या भिंतीपलीकडून!

गल्लीतून सुशीलची हाक आली, "काका, संगीतच आहे ना?"

मी लॅपटॉपवर हात ठेवून उभा राहिलो. मग घाईघाईने धून पहिल्यापासून लावली.

"हो रे, संगीतच!"

हल्ली ती नळ जाईपर्यंत पुरेल एवढी लांबवली आहे. काय करता? एकुलती एक श्रोती, तिला अर्ध्यावर कसं सोडणार!