सुभेदारांचा बॅकअप

कडेगावच्या सुभेदार लालासाहेबांच्या कॉम्प्युटरमधून सुपारी कातरल्यासारखा आवाज यायला लागला, तेव्हा त्यांना आधी वाटलं, आत उंदीर शिरला. त्यांनी मागच्या जाळीतून टॉर्च मारला, टेबलाखाली पिंजराही लावला. शेवटी गावात कॉम्प्युटरचे क्लास घेणारा अर्जुना आला. त्यानं डब्याला कान लावला आणि तोंड पाडून म्हणाला, "हार्ड डिस्क मराय लागलीय, काका. आत काय महत्त्वाचं हाय?"

आत लालासाहेबांचं आत्मचरित्र होतं. फौजेतून निवृत्त झाल्यावर एका बोटानं टाइप केलेलं, जन्मापासून पेन्शनीपर्यंत. दिवाळीत प्रकाशन ठरलं होतं. पाहुण्यारावळ्यांना सांगूनही झालं होतं.

अर्जुनानं सांगलीच्या मित्राकडून बाहेरून जोडायची झिप ड्राइव्ह आणली आणि प्रिंटर काढून त्या जागी लावली. क्लास खोळंबला होता, म्हणून उभ्याउभ्याच समजावलं. आपलं सगळं सी मध्ये, म्हणजे आतल्या डिस्कवर आहे, ते ओढून ई मध्ये, म्हणजे या नव्या ड्राइव्हवर टाकायचं. मग डी कुठं गेला, असं लालासाहेबांनी विचारलं. डी म्हणजे सीडी. ए म्हणजे फ्लॉपी. बी मात्र कुठंच नव्हता, आणि तो का नव्हता हे अर्जुनालाही सांगता येईना. तो गेला, तरी लालासाहेब त्या बी च्याच विचारात माउस धरून बसले होते.

पडद्यावर पुस्तकाचं चित्र होतं. त्यांनी ते धरलं आणि ई मध्ये सोडलं. पापणी लवायच्या आत काम झालं. अख्खी नोकरी एवढ्या झटक्यात पलीकडं गेली, याचं त्यांना नवल वाटलं. खात्री म्हणून त्यांनी ई मधलं चित्र उघडलं, तर पुस्तक पहिल्या पानापासून हजर. त्यांनी समाधानानं मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते चालूच होईना. लालासाहेब जराही घाबरले नाहीत. ड्राइव्ह काखोटीला मारून ते क्लासवर गेले. अर्जुनानं ती जोडली, चित्रावर टिचकी मारली, आणि बराच वेळ डोकं खाजवत राहिला.

"काका, तुमी पुस्तक आणलंच न्हाई. नुसता पत्ता आणलाय."

"पत्ता बरोबर हाय न्हवं? मग जा की तिथं."

"त्यो पत्ता त्या मेलेल्या डिस्कवरचाच हाय."

चित्र म्हणजे नुसता शॉर्टकट, काल डिस्क जिवंत होती म्हणून त्यानं सी मधलंच पुस्तक उघडून दाखवलं, हे अर्जुनानं पुन्हापुन्हा सांगितलं, आणि दर खेपेला लालासाहेब जास्तच गोंधळले. डिस्क सांगलीला पाठवून बघू, असं ठरलं. सुभेदार घरी आले ते ओसरीवर खांबाला टेकून बसले. जेवणाकडंही बघेनात.

त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, ते बघवेना. "आवं, डोक्यात हाय न्हवं सगळं? मग परत लिवा. मला सांगा एकेक."

लालासाहेब सांगू लागले. जन्म, शाळा, भरती. मग लग्न.

"माझं काय लिवलं हुतं?"

"लग्न झालं, असं लिवलं हुतं."

"आन् म्होरं?"

"म्होरं लडाखची पोस्टिंग आली."

शालूबाईंनी भाजीची परडी पुढं ओढली. मग लडाखच्या त्या वर्षी इकडं काय चाललं होतं, ते त्यांनी सांगायला घेतलं. बैल मेला, सासरे अंथरुणाला खिळले, पोराला पाठीशी बांधून त्यांनी विट्याचा दवाखाना गाठला. ऐकता ऐकता लालासाहेब सरळ बसले.

"पत्रात तर तू समदं खुशाल लिवायचीस."

"मग काय लिवायचं? बर्फात बसून तुमी काय करनार हुता?"

लालासाहेबांनी कागद ओढला. त्या दिवसापासून शालूबाई भाजी निवडताना बोलत, आणि सुभेदार मान खाली घालून लिहून घेत.

दसऱ्याच्या सुमाराला अर्जुना धापा टाकत आला. सांगलीत डिस्क एकदा चालू झाली होती. तेवढ्यात पुस्तक सगळंच्या सगळं ड्राइव्हवर उतरलं होतं, या वेळी खरंखुरं.

"बरं झालं," शालूबाई म्हणाल्या आणि विळी आवरायला लागल्या.

लालासाहेबांनी ड्राइव्ह हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि अर्जुनाला परत दिली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. लढाईचं तेवढं लागंल तवा घेऊ."

सुभेदारांनी चष्मा चढवला.

"बस गं," ते बायकोला म्हणाले. "हिरीवरची मोटार जळली, ऊस वाळाय लागला. मग तू काय केलंस?"