शेठच्या कॉन्टेसाला पॅड

"पॅडचं काम ना? मग ते माझ्यावर सोडा, शेठ," असं सुकदेव बोलून गेला आणि त्याची झोप उडाली. म्हणजे उरलीसुरली जी काही होती, तीसुद्धा.

झोपेचं आधी सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापायी झालं. सुकदेव सोनवणे सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये पॅडिंगच्या मशीनवर होता. कापड रंगाच्या हौदातून काढायचं आणि दोन रबरी रुळांमध्ये दाबून पिळायचं, एवढंच ते काम. मिलमध्ये त्या मशीनला सगळे नुसतं 'पॅड' म्हणत. पॅडवर रातपाळीला सुकदेव, हे त्याची नूतन पाळण्यात होती तेव्हा ठरलं होतं. नूतन आता दहावीला बसली होती, आणि सुकदेव अजून रातपाळीलाच होता.

बरं, माणसाने रात्री काम केलं तर दिवसा झोपावं. पण तो राहायचा त्या गोडादऱ्यात दिवसा झोपून दाखवा! एका भिंतीपलीकडे लूम खडखडतायत, दुसऱ्या भिंतीपलीकडे बायका मसाला कुटतायत, आणि वर मे महिन्याचा पत्रा. सुकदेवला पगारवाढ नको होती, बढती नको होती. त्याला दिवसपाळी हवी होती. रात्री जेवून, चूळ भरून, बायको-पोरांसारखं अंथरुणावर पडायचं, एवढी त्या माणसाची महत्त्वाकांक्षा.

त्या दिवशी पाळी सुटता सुटता शेठ खात्यात आले. पांढरीशुभ्र सफारी, कपाळाला टिळा. म्हणाले, "मशीन अने पॅडनी कोने खबर छे? माणूस बराबर पाहिजे. काम चांगला झाला तो जे मागेल ते देईन."

सुकदेव मागे खांबाला टेकून अर्धवट झोपेत होता. त्याच्या कानात 'पॅड' शिरलं आणि 'मागेल ते' शिरलं. मधलं काही शिरलं नाही. तो पुढे झाला आणि वर लिहिलेलं वाक्य बोलून गेला.

"काय मागतोस?" शेठनी विचारलं.

"दिवसपाळी, शेठ."

"आपी दईश. दिली समज. चल."

शेठ त्याला पॅडकडे न नेता दाराबाहेर घेऊन गेले. बाहेर उन्हात त्यांची मरून रंगाची कॉन्टेसा उभी होती आणि शेजारी ड्रायव्हर छगन अपराध्यासारखा उभा होता. छगन परभणीकडचा. तो रोज गाडी मिलमधल्या चिंध्यांनी पुसायचा, आणि चिंध्यांत असते माती. त्यामुळे उन्हात गाडीवर गोल गोल ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसायचं.

"रविवारी अमदावादहून वेवाई, तुम्ही व्याही म्हणता ते, येतात," शेठ म्हणाले. "मुलीचं नक्की करायचं आहे. मला गाडीमां चेहरा दिसला पाहिजे. मुंबईत मशीनला पॅड लावून करतात, सगळे ओरखडे जातात. तू जाणतोस ने?"

सुकदेवने गाडीकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं. खरं बोलायला ती एकच वेळ होती. पण डोळ्यांपुढे अंथरूण आलं.

"जाणतो की," तो म्हणाला.

"सुकदेवभाऊ, तुमाला लई येतंय की हो," छगन मागून कौतुकाने म्हणाला. सुकदेवने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

घरी न जाता तो तसाच उधना दरवाजाला मगनभाईच्या दुकानात गेला. मगनभाई गाड्यांचं सामान विकायचा आणि मराठी गिऱ्हाइकांशी हौसेने मराठी बोलायचा. त्याने सुकदेवला बसायला स्टूल दिलं. हे त्याने करायला नको होतं.

"गाडी घासायचं पॅड पाहिजे," सुकदेव म्हणाला.

"ऊनवालं, म्हणजे लोकरीचं, का स्पंजवालं?"

"फरक काय दोघांत?"

"ऊनवालं कापतं. स्पंजवालं चमकवतं."

"कापायचं कशाला? शेठची गाडी आहे, मगनभाई."

मगनभाईने कपाळ चोळलं. "अरे भाई, ओरखडा म्हणजे खड्डा. बाजूचा रंग जरासा कापला की खड्डा दिसत नाही. मग स्पंजने चमक आणायची. स्पंजमध्येही कडक वेगळा, मऊ वेगळा. ओरखडे किती खोल? नख फिरवलं तर अडकतं?"

"नख फिरवून बघता आलं नाही. शेठ उभे होते."

"बरं. मग पहिलं मऊने बघायचं, नाही जमलं तर कडक, त्यानेही नाही जमलं तर ऊन. आता मशीनचं ऐक. मशीन हळू फिरणारं पाहिजे."

हळू फिरणारं, हे शब्द सुकदेवने ऐकले आणि त्याच्या डोळ्यांपुढे सगळंच हळू फिरायला लागलं. मगनभाई बिचारा सांगत होता, की जोरात फिरणाऱ्या मशीनने रंग जळतो, की मशीन दाबायचं नाही, की एका जागी थांबायचं नाही, की बॉनेट तापलेलं असेल तर हातच लावायचा नाही. इतकं जीव तोडून त्याने कधी कुणाला सांगितलं नसेल. आणि सुकदेव स्टुलावर ताठ बसून, अगदी ऐकतोय अशा चेहऱ्याने, गाढ झोपला होता. रातपाळीवाल्याला ही विद्या आपोआप येते.

"समजला?" मगनभाईने विचारलं.

"समजलो," सुकदेव दचकून म्हणाला.

हळू फिरणारं मशीन नेमकं कुणीतरी नेलं होतं आणि ते सोमवारपर्यंत येणार नव्हतं. सुकदेवला त्याचं काही वाटलं नाही. मिलच्या वर्कशॉपात ग्राइंडर होतं, पाइपांवरचा गंज काढायचं. फिरण्याशी मतलब. पॅड मात्र त्याने निवडून घेतलं. दुकानातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात केसाळ, लोकरीचं.

घरी त्याची बायको शोभाबाई भाकरी थापत होती. तिने पिशवीत डोकावून पाहिलं.

"हाई काय शे? मे महिनामा टोपी?"

"टोपी नाही, पॅड आहे. शेठच्या गाडीला लावायचंय."

"तुमले गाडीनं काय समजस?"

"पॅड ते पॅड," सुकदेव म्हणाला. "दाब बराबर दिला की माल सारखा येतो. इतकी वर्षं दुसरं काय करतोय?"

"जपीसन करा," शोभाबाई म्हणाली. "आनि आते झोपा. डोया पहा कशा व्हयी जायेल शेतस."

तो आडवा झाला आणि पलीकडे मसाला कुटायला सुरुवात झाली.

शनिवारी दुपारी मिलच्या मागच्या आवारात काम सुरू झालं. छगनने डब्यातली पॉलिशची पांढरी लुगदी बोटांनी गाडीभर फासली आणि सुकदेवने ग्राइंडर सुरू केलं. आधी टप घेतला. ग्राइंडर हातातून निसटायला बघत होतं, लुगदी दोघांच्या तोंडावर उडत होती, पण तो फडक्याने पुसला तेव्हा छगनने आ केला. टपावर आकाश दिसत होतं. मिलची चिमणी दिसत होती. चिमणीतला धूरसुद्धा दिसत होता.

"मायला, भाऊ! तुमी तर उस्ताद निघाले."

सुकदेवने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला शाबासकी दिली. दारं झाली, डिकी झाली. उरलं बॉनेट. छगन म्हणाला, मी चहा घेऊन येतो.

आता बॉनेट उन्हात तापलेलं होतं, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे सुकदेवने ग्राइंडर बॉनेटवर टेकवलं आणि पॅडवर देतो तसा बराबर दाब दिला. तेव्हा ग्राइंडरचा आवाज बदलला आणि एका सुरात घूं घूं लागला. हा सूर सुकदेवच्या हाडात बसलेला होता. मिलचं पॅड रात्रभर याच सुरात चालायचं, आणि याच सुरात उभ्याउभ्या डुलकी काढायची त्याची जन्माची सवय. हात मशीनवर, पाय जमिनीवर, आणि सुकदेव स्वप्नात दिवसपाळी करून घरी चाललेला.

स्वप्नात त्याला करपल्याचा वास आला. शोभाबाईची भाकरी लागली, असं वाटून त्याने डोळे उघडले.

बॉनेटच्या बरोबर मधोमध थाळीएवढा गोल पडला होता. मरून रंग गेला, खालचा अस्तराचा रंग गेला, आणि थेट पत्रा दिसत होता. तोही पॉलिश होऊन लकाकत होता. शेठला चेहरा बघायचा होता ना, तो तिथे फार छान दिसला असता.

छगन चहा घेऊन आला आणि ग्लास हातात धरून उभाच राहिला.

"भाऊ, हे काय केलं?"

"डोळा लागला," सुकदेव म्हणाला. गाडीचं काय व्हायचं ते होवो, पण दिवसपाळी गेली, आणि कदाचित पाळीच गेली. त्याला तिथेच बॉनेटवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं.

"संध्याकाळपर्यंत रंगवाला मिळायचा नाही," छगन म्हणाला. "उद्या सकाळीच टेसनावर जायचंय मला, पावन्यायला आनायला."

रंगवाला! सुकदेवला एकदम सुचलं. पांडेसऱ्यात उभं राहून माणूस रंग शोधतोय, यापरता वेडेपणा नाही. मिलमध्ये रंगाची पिंपं भरलेली होती. साड्यांवर चढतो, तो पत्र्यावर चढायला काय हरकत आहे? तो कलरच्या खोलीत गेला. मरूनमध्ये चिमूटभर काळा घातला, शेड जुळवली, छपाईचा गोंद घालून घट्ट केलं आणि त्या गोलावर एकावर एक हात मारले. वाळल्यावर वरून मेण चोपडलं. दोघे चार पावलं मागे गेले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. गोल कुठे होता ते सापडेना.

"पान्यानं जाईल का हो?" छगनने विचारलं.

"मग पाणी लावू नकोस."

"अन् हात लावला तर?"

"हात कशाला लावतोय कुणी?" सुकदेव म्हणाला.

रविवारी शेठनी सुकदेवलाही बंगल्यावर बोलावलं होतं. ज्याने गाडी चमकवली तो वेवायांना दाखवायचा होता. छगन पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन आला. गाडी बंगल्यासमोर उभी राहिली, उन्हात नुसती झळाळत होती. वेवाई उतरले, त्यांनी टपात बघून मिशी नीट केली. शेठ इतके खूश झाले की त्यांनी सुकदेवच्या पाठीवर थाप मारली.

"दिवसपाळी पक्की," ते कानात म्हणाले.

सुकदेवचे डोळे भरून आले. तेवढ्यात वेवायांच्या मुलाने कॅमेरा काढला. सगळ्यांनी गाडीपाशी उभं राहावं, असं ठरलं. वेवाई दारापाशी उभे राहिले, आणि शेठ... सुकदेव "शेठ, तिथे नका" म्हणेपर्यंत शेठ ऐटीत बॉनेटवर बसले. बरोबर मधोमध. इंजिन स्टेशनपासून तापून आलेलं, वर सुरतेचं ऊन, आणि फोटो काही केल्या निघेना. आधी झाकण काढायचं राहिलं, मग वेवाणबाईंचा पदर, मग कुणीतरी डोळे मिटले. शेठ चटका सोसत, हसत बसून राहिले.

मग ते उठले आणि पाहुण्यांना "पधारो" म्हणत बंगल्याकडे वळले.

पांढऱ्याशुभ्र सफारीच्या बैठकीवर थाळीएवढा मरून गोल होता. इतका रेखीव, की जणू छापखान्यातून आलाय. वेवाई थांबले. वेवाणबाईंनी तोंडाला पदर लावला. आणि गाडीच्या बॉनेटवर पत्रा लकाकत होता.

"सुकदेवभाऊ," छगन हळूच म्हणाला, "तुमी गावाकडची गाडी पकडा आता."

सुकदेवने गाडी पकडली नाही. त्याच्यात तेवढं त्राण नव्हतं. तो घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. शोभाबाईला त्याने सगळं सांगितलं. तिने पलीकडे जाऊन बायकांना मसाला कुटू नका म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा केलं होतं, आणि त्या दिवशी नेमकी सुकदेवला झोप आली नाही.

सोमवारी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ती सफारी पसरलेली होती. गोल तसाच होता. सुकदेव हात जोडून उभा राहिला.

"शेठ, माझी चूक झाली. मला डुलकी लागली, गाडी मी..."

"गाडी मूक ने बाजूमां, ठेव तिकडे," शेठ म्हणाले. "आ जो, हे बघ. धोबीने गरम पाण्यात उकळली. सोडा घातला. ब्रशने घासली. जरा पण गेला नाही. सफारी टेरिकॉटची, आपल्या साड्या टेरीनच्या, म्हणजे धागा तोच. कलकत्त्याची पार्टी रोज फोनवर शिव्या देते, की तमारो रंग पहिल्या पाण्यात निघतो. आणि आ रंग? कसा पक्का केला तू?"

सुकदेवने सफारीकडे पाहिलं. आपण नक्की काय केलं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"गोंद होता शेठ, आणि तापलं होतं... आणि तुम्ही बसलात," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"बस! गरमी अने दाब." शेठ खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले. "आजपासून तू कलरमास्टर. पगार वाढला. आपण सगळ्या मरूनवर हाच प्रयोग करायचा, रोज, रंग बसेपर्यंत."

"आणि दिवसपाळी, शेठ?"

"दिवसा मशीन रिकामी कुठे असतात, भाई?" शेठ प्रेमाने म्हणाले. "प्रयोग रातपाळीलाच करावे लागणार."

सुकदेव घरी आला तेव्हा बातमी त्याच्या आधी पोचली होती. शोभाबाईने पेढे आणवले होते. मास्तर व्हयनात म्हणून सगळी गल्ली अभिनंदनाला लोटली. कुणी नारळ आणला, कुणी हार आणला, मसाला कुटणाऱ्या बायका तर हळदी-कुंकवाचं ताट घेऊनच आल्या. जो येई तो सुकदेवला हलवून म्हणे, "मास्तर, आता काय, आराम आहे तुम्हाला."

शेवटचा पाहुणा गेला आणि सुकदेवने उशीवर डोकं टेकवलं. शोभाबाई त्याचा डबा घेऊन उशाशी उभी होती.

"उठा मास्तर," ती म्हणाली, "रातपायीना टाइम व्हयना."