पडद्यावरची परात

लीलाधर सरांनी नववीच्या मुलांना ऑनलाइन प्रदर्शन भरवायला शिकवायचं मनावर घेतलं, तोवर गावात सगळं सुरळीत होतं. विषय ठरला ‘आपल्या गावची जुनी भांडी’. घरोघरी जायचं, फोटो काढायचे, माहिती लिहायची आणि शाळेच्या वेबसाइटवर मांडायची. सरांनी फळ्यावर दोन नियम लिहिले. वस्तूवरची प्रत्येक खूण वाचा. एकाच पुराव्यावर विसंबू नका, चार लोकांना विचारा. पहिला नियम मुलांनी मन लावून पाळला. दुसऱ्यासाठी फार हिंडावं लागत होतं, म्हणून तो राहिला.

नमुना म्हणून सरांनी स्वतःच्या घरची पितळी परात दिली. सोमवारी आमगावहून शिक्षण खात्याचे साहेब बटण दाबून उद्घाटन करणार होते. सरांच्या कामासाठी साहेबांनी वेळ काढण्याची ही पहिलीच खेप, त्यामुळे इस्त्रीचा सदरा आधीच खुंटीला लागला होता. शनिवारी सरांनी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली आणि खाली लिहिलं, ‘चुका असल्यास कळवाव्या.’

कळवायला गावच शाळेत आलं. लग्नाबारशाला गेलेली भांडी, मग तो भाजी शिजवायचा गंज असो की पाणी भरायचा गुंड, परतताना घर चुकतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मुलांनी भांड्यांवर कोरलेल्या नावांचे इतके जवळून फोटो काढले होते, की आता ते दिसतही होतं.

“काऊन गा मास्तर,” यादोराव कडाडले, “माह्या बापाच्या नावाचा गंज या उदारामच्या घरी कायले दिसून राहिला?”

“तुमीच तं देल्ला होता बारशाले!” उदाराम उसळला. “अन् माह्या मायच्या नावाचा गुंड तुमच्या न्हाणीत काय करून राहिला?”

यादोराव मग सरांवरच घसरले. “हे परदर्शन बंद करा! आमच्या घरचे फोटो काढून टाका!”

“आमचेबी!” सगळे ओरडले. साहेब बटण दाबताहेत आणि पडदा कोरा, असं चित्र सरांच्या डोळ्यांपुढे आलं.

तेव्हा वर्गातली नीतू म्हणाली, “सर, ज्याचं भांडं त्याले वापस केलं तं? मंग भांडण कायचं?”

रविवारी सकाळपासून गावात भांडी हिंडू लागली. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही गावची रीत. म्हणून गंजातून वडे गेले, गुंडातून नव्या धानाचे पोहे आले. दुपारी यादोराव उदारामच्या ओसरीवर वडे खात म्हणाले, “चालू द्या परदर्शन, मास्तर. पण माहा गंज मोठा दिसला पाह्यजे!”

सरांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. एवढ्यात नीतूनं मोबाइल पुढे केला. “सर, तुमची परात राहिलीच.” तिनं फोटो मोठा केला. काठावर नाव होतं ‘शांतीबाई यादोराव’.

सर घरी धावले. त्यांची आई सुशीलाबाई शांतपणे म्हणाल्या, “तिनं मांगतली नाई, मी देल्ली नाई.” तरी त्यांनी परात भरून करंज्या दिल्या. परात घेऊन सर पुढे आणि अख्खा वर्ग मागे, अशी वरात यादोरावांच्या दारी पोचली.

परात पाहून त्यांच्या बायकोचा, शांतीबाईंचा, चेहरा उतरला. “कायले आणली बाप्पा! ही माह्या तिरोड्याच्या नणदेची आहे. तिनं वापस मांगू नये म्हणून तं मी नाव टाकून घेतलं!”

सर जागीच थबकले. नीतूनं विचारलं, “सर, म्हणजे कोरलेलं नावबी एकच पुरावा झाला ना? मंग आज साऱ्या गावानं जे वापस केलं...”

“हळू बोल,” सर कुजबुजले. “लोक आत्ताच कुठं हसायला लागलेत.”

सोमवारी साहेबांनी बटण दाबलं. पहिलाच फोटो सरांच्या परातीचा होता आणि खाली नीतूनं लिहिलं होतं, ‘मालकी : संशोधन चालू आहे. करंज्या : संपल्या.’